न दुखणारी जखम

"दुखतंय कुठं? मग डॉक्टर कशाला?" थोरल्या भावाचे हे वाक्य मी विसरलेलो नाही. फरशीवरचे रक्ताचे डाग वहिनींनी पाहिले, तेव्हा कुठे दादांच्या तळव्यात चपलेचा खिळा घुसल्याचे कळले. वीस वर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदनाच नेली होती. जखम चिघळली आणि पाय कापण्याची भाषा सुरू झाली.

सर्जनांनी आधी पायाचा रक्तपुरवठा तपासला, मेलेले मांस काढले. मग जखमेत स्पंज बसवून वर पारदर्शक पडदा हवाबंद चिकटवला आणि त्यातली नळी छोट्या पंपाला जोडली. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी होतो. स्राव ओढला जातो, सूज उतरते, नवे लालसर मांस भरू लागते. अमेरिकेतील अर्जेंटा आणि मोरिक्वास यांनी १९९७ साली या पद्धतीवरील संशोधन प्रसिद्ध केले. पायाचा काही भाग कापलेल्या १६२ मधुमेहींची चाचणी २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. सोळा आठवड्यांत पंप लावलेल्यांपैकी ५६ टक्क्यांच्या जखमा भरल्या, इतरांपैकी ३९ टक्क्यांच्या. म्हणजे पंप मदत करतो, हमी देत नाही.

दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलत गेले. एक बोट गेले, पाय वाचला.

आता रोज रात्री वहिनी दादांचे दोन्ही तळवे दिव्याखाली निरखतात. बँकेत कॅश जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू, हे दादांना ठाऊक आहे. परवा हसून म्हणाले, "तुझ्या कॅशसारखंच झालं बघ हे!"