पालकांचे मद्यपान; मुलांच्या वाट्याला मौन

विष्णुपुरी (नांदेड) : वडील दारू पितात तेव्हा उपचाराचा विचार त्यांच्यापुरताच होतो. घरातील मूल रुग्ण नसते. त्यामुळे ते कोणाच्याच नोंदीत येत नाही. रात्री वडील कोणत्या अवस्थेत परततील, याच्या अंदाजात त्याचे चित्त गुंतते. झोप बिघडते, पोटदुखी-डोकेदुखी जडते आणि शाळेत त्यावर 'लक्ष नसते' असा शिक्का बसतो. त्याहून फसवे असते ते समंजस थोरले अपत्य. आईला सावरणारे, धाकट्यांना जेवू घालणारे. त्याचे सारे कौतुक करतात, विचारपूस मात्र कोणी करीत नाही. घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे ते न सांगताच शिकलेले असते.

व्यसनाच्या जोखमीत अनुवंशाचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो. म्हणजे मद्यपीचे मूल मद्यपीच होणार, असे नव्हे. विश्वासाचे एक जरी मोठे माणूस लाभले, तरी फरक पडतो. मग ती आजी असो वा वर्गशिक्षिका.

मद्यपींच्या किशोरवयीन मुलांसाठी 'अलाटीन' हे स्वमदत गट अमेरिकेत १९५७ मध्ये सुरू झाले. आपल्याकडे वडील उपचारास तयार नसले, तरी मुलाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात नेता येते. विष्णुपुरीत असे महाविद्यालय आहे. घरात मारहाण होत असल्यास १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मूल स्वतःही फिरवू शकते.