गिनी फाऊलची पिल्ले : उबवणी यंत्र की खुडूक कोंबडी?

गिनी फाऊल हा मूळचा आफ्रिकेतील पक्षी काटक आहे. मोठा झाल्यावर तो रोगराईला सहसा बळी पडत नाही व किडे, गवताचे बी, पडलेले धान्य वेचून पोट भरतो. इज्जतनगर (उत्तर प्रदेश) येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी हे वाण दिले आहेत. परंतु पक्षी काटक असला तरी त्याची पिल्ले नाजूक असतात. उबवणीच्या वेळी व पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होणारी मर टाळली, तरच हा व्यवसाय परवडतो.

अंड्यांची निवड

आपल्याकडे गिनीची मादी साधारणपणे मार्च ते सप्टेंबर या काळात अंडी देते. चार-पाच माद्यांमागे एक नर ठेवावा. मादी झुडपात लपवून अंडी घालते. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा अंडी गोळा करावीत. तडे गेलेली, मळकट वा वेडीवाकडी अंडी उबवणीस घेऊ नयेत. निवडलेली अंडी रुंद टोक वर ठेवून थंड जागी ठेवावीत व सात दिवसांच्या आत उबवणीस लावावीत. उन्हाळ्यात ओल्या वाळूत बसविलेल्या माठाचा उपयोग होतो.

खुडूक कोंबडीखाली उबवण

गिनीची मादी चांगली आई नव्हे. ती दवाने भिजलेल्या गवतातून पिल्लांना फिरवते व ती गारठून मरतात. म्हणून गावठी खुडूक कोंबडी वापरावी. तिच्या आकारानुसार 15 ते 18 अंडी ठेवावीत. सर्व अंडी अंगाखाली झाकली गेली पाहिजेत.

येथे एक गोष्ट विसरू नये. कोंबडीची पिल्ले 21 दिवसांत बाहेर पडतात, तर गिनीच्या अंड्यांना 26 ते 28 दिवस लागतात. दोन्ही अंडी एकाच दिवशी ठेवल्यास कोंबडी आपली पिल्ले घेऊन उठते आणि गिनीची जिवंत अंडी थंड पडून वाया जातात. शक्यतो फक्त गिनीचीच अंडी ठेवावीत. कोंबडीचीही ठेवायची असल्यास ती सहा दिवस उशिरा ठेवावीत. उदाहरणार्थ, गिनीची अंडी 1 मार्चला ठेवली, तर कोंबडीची 7 मार्चला ठेवावीत.

एक आठवडा जास्त बसावे लागत असल्याने नुकतीच खुडूक झालेली कोंबडी निवडावी. बसविण्यापूर्वी तिच्या अंगावरील उवा, गोचिडांचा बंदोबस्त करावा. दाणापाणी जवळच ठेवावे.

उबवणी यंत्रात उबवण

पंखा असलेल्या यंत्रात तापमान 99.5 ते 100 अंश फॅरनहाईट व आर्द्रता 55 ते 60 टक्के ठेवावी. अंडी दिवसातून किमान चार ते सहा वेळा फिरवावीत. कवच जाड व गडद असल्याने सातव्या ते दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत प्रखर उजेडावर अंडी तपासावीत. आरपार स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत. 25 व्या दिवसापासून अंडी फिरविणे बंद करावे, तापमान 99 अंशांवर आणावे व आर्द्रता 70 ते 75 टक्के करावी. आर्द्रता कमी पडल्यास आतील पापुद्रा वाळतो व पिल्लू कवचातच अडकते. पिल्ले बाहेर पडत असताना यंत्र वारंवार उघडू नये. जेथे वीज वरचेवर जाते, तेथे जनित्राची सोय असल्याशिवाय केवळ यंत्रावर विसंबू नये.

पिल्लांची काळजी

पिल्ले वाळल्यावर ब्रूडरमध्ये हलवावीत. पहिल्या आठवड्यात तापमान 95 अंश फॅरनहाईट ठेवून नंतर दर आठवड्याला 5 अंशांनी कमी करावे. खाली गुळगुळीत कागद पसरू नये. पाय फाकून पिल्ले अधू होतात. खडबडीत गोणपाट अंथरावे. पाण्याच्या उथळ भांड्यात गोटे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. खाद्यात 24 ते 26 टक्के प्रथिने असावीत. कोंबडीखालील पिल्लेही आईसह कोरड्या, बंदिस्त जागेत ठेवावीत.

थोडक्यात, घरापुरते पक्षी पाळणाऱ्यास खुडूक कोंबडी स्वस्त व खात्रीची आहे. शंभराच्या वर पिल्ले काढावयाची असल्यास यंत्र सोयीचे पडते. पद्धत कोणतीही असो, अंडी लवकर हंगामात लावावीत, म्हणजे पावसाची ओल येण्यापूर्वी पिल्ले तगून मोठी झालेली असतील.