डिफरन्शियल लॉक

डिफरन्शियल लॉक ही वाहनाच्या एका अ‍ॅक्सलवरील दोन्ही चाके समान वेगाने फिरविणारी यंत्रणा आहे. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते. म्हणून साधे डिफरन्शियल चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. मात्र ते दोहोंना सारखाच टॉर्क देते. त्यामुळे एक चाक चिखलात घसरले, की दुसऱ्यालाही अल्पच टॉर्क मिळतो. पुढचे व मागचे एकेक चाक असे घसरल्यास चारचाकी-चालन वाहनसुद्धा अडकते. लॉक लावल्यावर पकड असलेले चाक वाहन पुढे नेते.

पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या वाहनात दोन्ही अ‍ॅक्सलवर लॉक असतात. अनेक वाहनांत ते नंतरही बसविता येतात. कोरड्या, पक्क्या रस्त्यावर लॉक सोडणे आवश्यक असते. अन्यथा वळताना टायर घासतात आणि अ‍ॅक्सलवर घातक ताण येतो.