हात थांबले, डिस्क चालूच

रात्रीचं काम आटोपून माणूस लॅपटॉप उघडाच ठेवतो आणि पाणी प्यायला उठतो. परत येऊन बघतो तर कडेचा इवलासा दिवा लुकलुकतोच आहे. कान जवळ नेला की आतून बारीक कुरकुर ऐकू येते, कपाटामागे उंदीर कागद कुरतडत असावा तशी. कीबोर्डला कुणाचा हात नाही, एकही फाइल उघडी नाही, पडद्यावर नुसता वॉलपेपर. मग ही हार्ड डिस्क राबतेय कुणासाठी? पहिला संशय व्हायरसचा येतो, दुसरा कुणीतरी लॅपटॉपमध्ये घुसल्याचा आणि तिसरा, डिस्क आता जाणार की काय, असा.

बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. वापरणाऱ्याच्या लेखी लॅपटॉप रिकामा असतो, पण ऑपरेटिंग सिस्टीम याच वेळेची वाट बघत असते. भर दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानदार माल मोजतो, फळ्या पुसतो, उधारीची वही लिहून काढतो आणि गिऱ्हाईक आलं की हातातलं बाजूला ठेवतो. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स हेच करतात. तक्रारीला जागा असते ती दोनच वेळा: हे काम संपतच नाही तेव्हा, आणि काय चाललंय हे मालकालाच दिसत नाही तेव्हा.

आधी आवाज कुठून येतो ते पाहू. लॅपटॉपमधल्या अडीच इंची हार्ड डिस्कच्या पोटात काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चकचकीत तबकड्या असतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावरून एक बारीक हात आतबाहेर झुलतो. त्याच्या टोकाचं हेड तबकडीला टेकत नाही. काही नॅनोमीटर वर, हवेच्या थरावर तरंगत राहतं. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. तबकड्या फिरण्याचा आवाज एकसुरी असल्याने कानाला त्याची सवय होते. कुरकुर होते ती हा हात एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेतो तेव्हा.

सगळी मेख या उडीत आहे. हाताला नेमक्या जागी पोचायला सरासरी दहा-बारा मिलिसेकंद लागतात. त्यानंतर हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साधारण साडेपाच मिलिसेकंद थांबावं लागतं. हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठेक वेळाच वाचता येतं. एका वेळी चार किलोबाइटचा तुकडा उचलायचा असेल, तर सेकंदाला अडीचशे किलोबाइटही पदरात पडत नाहीत. तीच डिस्क एका ओळीत साठवलेला सिनेमा वाचताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास जाते. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क १०० टक्के’ आणि शेजारी एक मेगाबाइटहूनही कमी वेग, असे दोन आकडे एकत्र दिसतात आणि लोक चक्रावतात. शंभर टक्के हे डिस्क किती वेळ गुंतली होती याचं माप आहे. तिने किती माहिती हलवली, ते या आकड्यावरून कळत नाही.

ही कुरकुर घरोघरी ऐकू येऊ लागली ती विंडोज व्हिस्टामुळे. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी बाजारात आली आणि आधीच्या विंडोज एक्सपीची सवय असलेल्यांना वाटलं, डिस्क वेडी झाली. व्हिस्टात ‘सुपरफेच’ नावाची सोय होती. मालक कोणते प्रोग्रॅम कधी वापरतो हे ती लक्षात ठेवायची आणि ते आधीच डिस्कवरून रॅममध्ये आणून ठेवायची. जोडीला फाइलींची सूची बनवणारं विंडोज सर्च होतं आणि विखुरलेल्या फाइली एकत्र लावणारं आठवड्याचं डीफ्रॅगमेंटेशनही. अशी कामं मालकाच्या आड येऊ नयेत म्हणून डिस्कच्या रांगेत त्यांना मागे उभं करण्याची व्यवस्थाही व्हिस्टानेच आणली. तरी दिवा लुकलुकायचा राहिला नाही. सुपरफेच आजही आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ते ‘सिसमेन’ या नावाने विंडोजच्या सेवांच्या यादीत दिसतं.

सूची बनवण्याचं काम वरवर किरकोळ वाटतं. शोधचौकटीत ‘भाडेकरार’ असं टाइप केलं की क्षणात फाइल पुढ्यात यावी, यासाठी कुणीतरी आधीच प्रत्येक फाइल उघडून आतले शब्द टिपून ठेवलेले असावे लागतात. मॅकवर हे काम २००५ पासून स्पॉटलाइट करतं. लग्नाचे काही हजार फोटो आणि जुन्या पेनड्राइव्हवरची कागदपत्रं डिस्कवर टाकली की कॉपीची पट्टी पूर्ण होते आणि मालकाला वाटतं काम झालं. सूचीचं काम तिथून सुरू होतं. त्यात भर अँटिव्हायरसची. सूची बनवणाऱ्याने फाइल उघडली की पहारेकरी ती तपासतो, म्हणजे एका कामाची दोन कामं होतात. पुण्यात काटकर बंधूंनी उभी केलेली क्विक हील असो की विंडोजसोबत येणारा डिफेंडर, उघडणारी फाइल तपासून मगच पुढे सोडणं हे अशा प्रत्येक पहारेकऱ्याचं कामच आहे.

अपडेटचं वेळापत्रकही भारतातल्या वापरणाऱ्याने लक्षात ठेवावं असं आहे. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट सोडते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. साहजिकच बुधवारी सकाळी लॅपटॉप सुरू केला की डिस्कची धावपळ चालू झालेली असते.

आणखी एक गोष्ट आपल्या सवयीशी निगडित आहे. विंडोजची स्वयंचलित देखभाल पहाटे दोनला ठरलेली असते. वीज वाचावी, यंत्राला विश्रांती मिळावी म्हणून अनेक घरांत लॅपटॉप रोज रात्री पूर्ण बंद केला जातो. मग पहाटेचं काम रद्द होत नाही, पुढे ढकललं जातं. दुसऱ्या दिवशी मालक चहाला उठला की साठलेली सगळी कामं डिस्कवर तुटून पडतात. ती पुरी व्हायच्या आत मालक परत येतो, कामं पुन्हा मागे सरतात आणि हा खेळ दिवसभर चालतो.

रॅम अपुरी असेल तर दुखणं वेगळं असतं. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने, महागडी स्मृती पुरत नसेल तर फिरत्या ड्रमवरची स्वस्त जागा तिला जोडून घ्यायची युक्ती वापरात आणली. विंडोजमधली ‘पेजफाइल’ ही तिचीच वंशज. ही युक्ती हाताबाहेर कशी जाते हे पीटर डेनिंग यांनी १९६८ मधल्या निबंधात दाखवलं. प्रोग्रॅमना लागणारी जागा रॅमपेक्षा फार वाढली की यंत्राचा सगळा वेळ स्मृतीचे तुकडे, म्हणजे ‘पानं’, डिस्कवरून आणण्यात आणि परत ठेवण्यात जातो, मूळ काम जागचं हलत नाही. त्या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवणाऱ्याने ती अनुभवलेली असते.

कुणीतरी आत घुसल्याचा संशय खरा ठरल्याचं एक गाजलेलं उदाहरणही आहे. विंडोजच्या अंतरंगाचे जाणकार मार्क रसिनोविच यांना २००५ मध्ये आपल्याच संगणकात लपवलेल्या फाइली सापडल्या. माग काढत ते सोनी बीएमजीच्या एका संगीताच्या सीडीपाशी पोचले. कॉपी रोखण्याच्या नावाखाली त्या सीडीने स्वतःला लपवणारा प्रोग्रॅम बसवला होता. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलला हात लावतो हे दाखवणारं ‘फाइलमॉन’ त्यांनी लावलं. सीडी वाजत नसतानाही तो प्रोग्रॅम दर दोन सेकंदांनी चालू प्रोग्रॅमच्या फाइली चाळत होता. रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबरला हे जाहीर केलं. एवढा गदारोळ झाला की पुढच्याच महिन्यात कंपनीला त्या सीडी बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. फाइलमॉन पुढे ‘प्रोसेस मॉनिटर’मध्ये सामावलं गेलं आणि ते आजही फुकट मिळतं.

रिकामपणीची हालचाल डिस्कच्या जिवावर उठू शकते हे २००७ च्या सुमारास लिनक्स वापरणाऱ्यांनी ओळखलं. बॅटरी वाचावी म्हणून काही लॅपटॉपच्या डिस्क थोड्याशा उसंतीतही हेड बाजूला नेऊन ठेवत. लिनक्सची फाइल व्यवस्था मात्र दर काही सेकंदांनी काहीतरी लिहायची, साधी फाइल वाचली तरी वाचल्याची वेळ नोंदवायची. ठेवलेलं हेड लगेच परत यायचं. अशा डिस्कचं आयुष्य हेडच्या अशा सहा लाख ये-जा फेऱ्यांचं धरलेलं असे. मिनिटाला चार फेऱ्या आणि दिवसाला आठ तास वापर धरला, तर तो कोटा ३१२ दिवसांत संपतो. उबुंटूच्या वापरकर्त्यांनी आपापल्या डिस्कचे आकडे काढून हे चव्हाट्यावर आणलं. २००९ पासून लिनक्सने वाचनाची वेळ नोंदवणं डीफॉल्टनेच कमी केलं.

आता नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. हात नाही, तबकडी नाही, आवाज नाही. पुष्कळ मॉडेलवर तो दिवाही उरलेला नाही. कामं मात्र तीच आहेत. २०१६ मध्ये स्पॉटिफायच्या डेस्कटॉप ॲपमध्ये एक दोष आढळला. गाणं वाजत नसतानाही ते ॲप आपला छोटासा डेटाबेस पुन्हा पुन्हा लिहून काढत होतं आणि काही संगणकांवर त्या लिखाणाची बेरीज शेकडो गीगाबाइटवर गेली. एसएसडीचं आयुष्य लिखाणावर मोजलं जात असल्याने ही उधळपट्टी थेट डिस्कच्या वयातून वजा होत होती. त्या नोव्हेंबरमध्ये दोष दुरुस्त झाला. कुरकुर ऐकू आली असती तर तो कदाचित लवकर पकडला गेला असता.

म्हणून डिस्क बदलायची घाई करण्याआधी तिचं काम डोळ्यांनी पाहावं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागातून ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडता येतं. तिथल्या ‘डिस्क’ विभागात ओळी सरकताना दिसतात: डावीकडे प्रोग्रॅमचं नाव, पुढे फाइलचा पूर्ण पत्ता, त्यापुढे वाचन-लेखनाचा आकडा. ‘सर्च-इंडेक्सर’ वर असेल तर सूची चालू आहे. ‘एमएस-एमपी-इंज’ म्हणजे डिफेंडरची तपासणी, ‘टीआय-वर्कर’ म्हणजे अपडेट. ‘पेजफाइल’चं नाव सारखं वर येत असेल तर रॅम वाढवण्याचा विचार करावा. अनोळखी नाव सतत दिसत असेल तर शोध तिथूनच सुरू करावा. कुरकुरीऐवजी ठरावीक अंतराने टक्-टक् असा ठोका ऐकू येत असेल आणि त्याबरोबर पडदा गोठत असेल, तर मात्र सगळं सोडून आधी फोटो-कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी.

एरवी एक रात्र लॅपटॉप चार्जरला लावून, स्लीप बंद करून, मोकळ्या हवेत टेबलावर ठेवला तरी बरंच काम भागतं. सकाळी रिसोर्स मॉनिटरमधली लांबलचक यादी दोन-चार ओळींवर आलेली असते. दिवा पूर्ण विझलेला नसतो. मध्येच एकदा लुकलुकतो, कुठल्यातरी नोंदवहीत एक ओळ लिहिली जाते आणि मग बराच वेळ फक्त तबकड्या फिरत असल्याचा एकसुरी आवाज तेवढा येत राहतो.