सारेला कुणी विचारलं?

१९८४ चा उपवासकाळ. हर्सूलला आमच्या घरी प्रार्थनासभा भरली होती. आईने उत्पत्तीचा बाविसावा अध्याय वाचला: अब्राहामाला देवाची आज्ञा, होमाची लाकडं लेकराच्याच, इसहाकाच्या पाठीवर, बापाच्या हातात सुरी. हर्सिद्धीच्या जत्रेला नेमाने जाणाऱ्या शेजारच्या काकू उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. सभा उठल्यावर म्हणाल्या, "ही तर आमच्या चिलया बाळाचीच गोष्ट. पण चांगुणेने लेकराचं डोकं उखळात कांडलं, ते तिला ठाऊक तरी होतं. तुमच्या सारेला, त्या लेकराच्या आईला, कुणी विचारलं का?"

आईला उत्तर सुचलं नाही. मी पंधरा वर्षांची होते.

इसहाक वाचला, ऐनवेळी हात थांबला, असं सांगून मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. मग शास्ते वाचताना इफ्ताहाची मुलगी भेटली. बापाच्या नवसापायी ती गेली, तिथे कुणाचाच हात थांबला नाही, आणि तिचं नावही लिहिलेलं नाही. पहिल्या शमुवेलात तर अमालेक्यांची तान्ही मुलंही मारायची आज्ञा आहे. दुसऱ्या बाजूला येशू म्हणतो, शत्रूवर प्रीती करा, बाळकांना माझ्याकडे येऊ द्या. मुलांच्या रविवारच्या शाळेत आम्हाला यरीहोचा कोट पडलेला शिकवला. कोटाच्या आत कोण होतं, ते शिकवलं नाही.

मागे वळून पाहिलं तर मराठीत हा वाद जुनाच आहे. १८३० च्या आसपास मुंबईत मिशनरी जॉन विल्सन पुराणकथा नीतीच्या काट्यावर तोलत होते आणि मोरभट दांडेकर त्यांना उत्तर देत होते. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारींनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. पण तोच काटा आपल्या ग्रंथाला लावण्याचं धैर्य आमच्यापैकी थोड्यांनीच दाखवलं, हे मला आजही सलतं. ते धैर्य आफ्रिकेत दिसलं. तिथल्या नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो बायबलचं झुलूत भाषांतर करत होते. मदतीला असलेल्या विल्यम न्गिदीने जलप्रलय खरंच घडला का, असं विचारलं. गुलामाला मारण्याबद्दलचं निर्गमातलं वचन ऐकून तो हादरला. कोलेन्सोंनी ते मनावर घेतलं, १८६२ पासून त्यावर ग्रंथ लिहिले, आणि १८६३ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आलं. उंबऱ्यावरून प्रश्न विचारणारा तिथेही कुणी होताच.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या. त्याच रमाबाई पुढे केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्यात गुंतल्या. १९२२ मध्ये गेल्या, तोवर हेच काम चाललं होतं. अवघड अध्याय त्यांनी गाळले नाहीत. नारायण वामन टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनाने धरलं, ते कायमचं. मला दोघेही हवेत: तो ग्रंथ पुरता वाचणाऱ्या रमाबाई, आणि कुठून वाचायला लागायचं ते दाखवणारे टिळक. जुना करारच टाकून द्या म्हणणाऱ्या मार्सियनला रोमच्या मंडळीने १४४ साली बाहेर काढलं, ते मला पटतं. आमोस आणि मीखा टाकून गरिबांची बाजू कुठून मांडणार?

माझी अडचण शेवटी लूकच्या नवव्या अध्यायाने सोडवली. शोमरोनी गावाने थारा दिला नाही तेव्हा शिष्यांना एलियासारखा आकाशातून अग्नी पाडायचा होता. येशूने त्यांनाच धमकावलं. जुन्या कथेला असा नकार तो स्वतः देतो. मग अमालेक्यांच्या लेकरांपाशी मीही थांबू शकते, "ही माझ्या प्रभूची इच्छा नव्हे" असं म्हणू शकते.

सारेचा प्रश्न मात्र उरला होता. गेल्या वर्षी तो अध्याय पुन्हा वाचला. डोंगरावरून अब्राहाम बैरशेब्याला परततो. पुढच्याच अध्यायात सारा मरते ती हेब्रोनात, आणि तो तिच्यासाठी शोक करायला तिथे येतो. दोन वेगळी गावं. इतकी वर्षं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

काकूंना ऐकू कमी येतं आता. कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे ती त्याला सोडून गेली होती का गं?"