मसुदा आणि करार

संगणकाचा मोठा प्रोग्रॅम हा एकहाती लिहिलेला ग्रंथ नव्हे. ती सुट्या भागांची जुळणी असते. बँकेच्या प्रोग्रॅमात व्याज मोजणारा भाग एक तुकडी लिहिते, पावती छापणारा दुसरी, आणि घडामोडींची नोंद ठेवणारा भाग तर कोणी अनोळखी माणसांनी लिहून सर्वांसाठी मोकळा ठेवलेला असतो. अशा वेळी प्रश्न पडतो तो हा, की दुसऱ्याचा जो भाग आपण घेतला तो नेमका कोणता? कामगार चळवळीत आम्हांस हा प्रश्न परिचयाचा आहे. वाटाघाटी चालू असतात तोवर मसुदा रोज बदलतो. सह्या झाल्या की त्यातला स्वल्पविरामही हलत नाही.

जावा भाषेतील प्रोग्रॅम जुळवण्याचे मेव्हन नावाचे साधन आहे. त्याची १.० ही आवृत्ती २००४ साली निघाली. त्याने हाच भेद आकड्यांत आणला. '१.४-स्नॅपशॉट' असे लिहिलेले असेल तर तो मसुदा समजावा. नाव तेच, पण आतला मजकूर आज एक, उद्या दुसरा. वेगळे सांगितले नसेल तर नवा मसुदा आला काय, हे मेव्हन दिवसातून एकदा पाहतो. नुसते '१.४' म्हटले की ती 'रिलीज', म्हणजे प्रसिद्ध झालेली आवृत्ती. मेव्हनच्या सार्वजनिक भांडारात एकदा ठेवलेली अशी आवृत्ती बदलता येत नाही. चूक सापडली तर १.४.१ काढावी लागते.

मग मसुदा वाईट काय? मुळीच नाही. दोन तुकड्या शेजारी बसून काम करीत असता तासातासाला पक्का आकडा काढणे हा वेळेचा अपव्यय होय. परंतु गिऱ्हाइकाला द्यावयाचा माल मसुद्यावर उभा करू नये. काल चाललेला प्रोग्रॅम आज, आपली एक ओळही न बदलता, मोडतो. आणि रात्रपाळीच्या पोराला जाब विचारला जातो, 'तू काय बदललेस?' त्याने काहीच बदललेले नसते.

म्हणून क्रम असा : सर्वांत खालचा भाग प्रथम रिलीज करावा, त्याचा पक्का आकडा घेऊन त्यावरचा, आणि सर्वांत वरचा शेवटी. मग पुढील कामासाठी '१.५-स्नॅपशॉट' उघडावा. रिलीज करण्यासाठी मेव्हनला जोडतात ते साधन, खाली एक जरी स्नॅपशॉट दिसला तरी अडून बसते, ते याचसाठी.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' या नोंदी ठेवणाऱ्या भागातील भयंकर छिद्र जाहीर झाले. २.१४.१ सदोष ठरली. त्याच महिन्यात २.१५.०, २.१६.० आणि २.१७.० अशा दुरुस्त्या एकामागून एक निघाल्या. जुन्या आकड्याखालचा माल कोणी गुपचूप बदलला नाही. त्यामुळे ज्याच्यापाशी आकड्यांची यादी होती, त्याला आपण कोठे उभे आहोत हे सांगता आले. कित्येकांना तर हा भाग आपल्या प्रोग्रॅमात आहे हेच ठाऊक नव्हते. तो दुसऱ्या भागाच्या पोटातून आलेला होता. आणि त्या दुरुस्त्या करणारे होते स्वयंसेवक!

तेव्हा पक्का आकडा हे कष्टकऱ्याचे संरक्षण आहे, असे आम्ही म्हणतो. मात्र तो आपोआप सुधारत नाही. जुना झाला की कोणी तरी तो पाहून बदलावा लागतो. हे कामच आहे, आणि ते कामाच्या तासांतच धरले पाहिजे.