खारीच्या शिकारीला कोणतं काडतूस?

अमेरिकेत केंटकीच्या जंगलात हिकरीच्या झाडांची फळं पिकली की शिकारी करड्या खारींच्या मागावर निघतात. ही खार जेमतेम अर्धा किलोची, आणि ती खाण्यासाठी मारली जाते. म्हणून रायफल निवडताना पहिला प्रश्न ताकदीचा नसतो. गोळी लागल्यावर मांस किती शिल्लक राहील, हे आधी पाहावं लागतं.

या शिकारीत चालणारी तीन काडतुसं इथे पाहू; तिन्ही रिमफायर जातीची. पितळी पुंगळीच्या बुडाशी जी कड असते, तिच्या आतच पेट घेणारं रसायन भरलेलं असतं. चाप ओढला की पिन ती कड चेपते, रसायन भडकतं आणि दारू पेटते. कड चेपली जायची तर पितळ पातळच हवं, आणि पातळ पितळ फार दाब सोसत नाही. या काडतुसांची ताकद मर्यादित राहते ती यामुळेच.

सर्वांत जुनं .२२ लाँग रायफल, १८८७ सालचं. गोळी साधारण २.६ ग्रॅमची आणि वेगवान प्रकारात सेकंदाला सुमारे ३८० मीटर जाणारी. ४५ मीटरवर नेम बसवला, तर ९० मीटरवर ती सुमारे १५ सेंटिमीटर खाली लागते. पण दाट झाडीत खार दिसते तीच मुळी तीस-चाळीस मीटरवर. तिथे हे काडतूस पुरेपूर आहे, स्वस्त आहे आणि मांस फारसं नासवत नाही.

याच काडतुसाचा आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला प्रकार मला जास्त आवडतो. गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपास असताना हवेचा अडथळा एकदम वाढतो. त्यामुळे वेगवान गोळी आडव्या वाऱ्यात उलट जास्त भरकटते. स्पर्धेतले नेमबाज संथ गोळी वापरतात ती म्हणूनच. आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, पण हे काडतूस परकं नाही: कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक याच .२२ वर मिळवलं.

१९५९ मध्ये विंचेस्टर कंपनीने .२२ मॅग्नम आणलं. गोळी जवळपास तेवढीच, ऊर्जा मात्र दुपटीहून जास्त. खारीसाठी हे जास्तच होतं. कोल्ह्यासारख्या प्राण्याला ठीक. मॅग्नमच्या रायफलीत साधं .२२ कधीही घालू नये. त्याची पुंगळी बारीक असल्याने सैल बसते आणि फाटू शकते.

हॉर्नाडी कंपनीने २००२ मध्ये याच मॅग्नमच्या पुंगळीचं तोंड आवळून .१७ एचएमआर बनवलं. गोळी फक्त १.१ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला सुमारे ७७५ मीटर. ९० मीटरवर नेम बसवला तर अलीकडे ती सेंटिमीटरभरच वर जाते. पश्चिमेकडच्या उघड्या माळावर प्रेअरी डॉग या कुरतडणाऱ्या लहान प्राण्यासाठी याला तोड नाही. मात्र त्याची प्लॅस्टिकच्या टोकाची गोळी आत शिरताच फुटते; खारीच्या धडाला लागली तर खाण्यासारखं फार थोडं उरतं. हे काडतूस घेतलंच तर नेम डोक्यावरच हवा.

निवड झाली तरी चार-पाच कंपन्यांची काडतुसं आणून, रायफल टेकवून, कागदावर मारून पाहावीत. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं मानवतात. आणि शेंड्यावरच्या खारीच्या मागे जाड खोड नसेल, नुसतं आकाश असेल, तर चाप ओढूच नये. लहानसं .२२ सुद्धा दीड किलोमीटरपलीकडे जाऊन पडतं.